तीनच्या आत मुक्काम

चि.,
अनेक आशीर्वाद.

तुझी चौदा दिवसांची आखणी काल रात्री दोनदा वाचली. शिकागोहून निघून बॅडलँड्स, माउंट रशमोर, डेव्हिल्स टॉवर, यलोस्टोन, ग्रँड टीटन, ग्लेशियर, आणि येताना रॉकी माउंटन, एवढी सगळी राष्ट्रीय उद्यानं आणि स्मारकं. मागे ओढायचा पॉपअप कॅम्पर (छप्पर वर उचललं की कापडी बाजूंची खोली होते तो), गाडीत दोन लहान मुलं आणि सांगलीहून आलेले आई-बाबा. शेवटी विचारलंयस, "काका, यातलं काय गाळू?" काय बघायचं ते नंतर ठरव. आधी हे ठरव की रोज दुपारी तीनच्या आत मुक्कामावर पोहोचायचं. एवढं पाळलंस की जे गळायचं ते आपोआप गळेल.

दिवसाला ३०० मैल, त्यावर एकही नाही. बॅडलँड्सपर्यंत साधारण ९०० मैल आहेत. नकाशा तेरा तास दाखवतो तो नुसत्या गाडीचा हिशोब. ट्रेलरच्या बऱ्याच टायरांची मर्यादाच ताशी ६५ मैल असते, आणि साउथ डकोटात आय-९० महामार्गावर आडवा वारा सुटला की त्याहूनही खाली यावं लागतं. बाबांना दर दोन तासांनी उतरून पाय मोकळे करावे लागणार. म्हणजे तीन दिवस. तू दीड लिहिलायस. ते वाचून मला खरंच राग आला. इंजिनिअर आहेस, भागाकार येतो तुला. यलोस्टोन साधारण १,४०० मैल: जायला पाच दिवस, यायला पाच, उरले चार. ते चारही यलोस्टोनला दे. टीटन बघायचंच असेल तर कॅम्पर तिथेच उभा ठेवून नुसती गाडी घेऊन एक दिवस जाऊन या. ग्लेशियर आणि रॉकी माउंटन या खेपेला नाहीत.

तीनच का, सहा का नाही, असं विचारशील. पोहोचल्यावर आधी कॅम्पर डावी-उजवीकडून समतल करायचा, चाकांना ठोकळे लावायचे, मगच हिच, म्हणजे गाडीला कॅम्पर जोडणारा दुवा, सोडायची. मग हँडल फिरवत छप्पर वर घ्यायचं, दोन्ही टोकांचे पलंग बाहेर ओढायचे, त्यांच्याखाली दांडे अडकवायचे, छताला टांगलेलं दार खाली घेऊन चौकटीत बसवायचं, कॅनव्हासच्या कडा पलंगाखाली ताणून पक्क्या करायच्या. हात बसला तरी अर्धा-पाऊण तास जातो. उजेडात पोरं दांडे आणून देतात, आजोबा हँडल फिरवतात. अंधारात डास चावतात, पोरं भुकेने रडतात आणि तू बायकोवर ओरडतोस. शिवाय त्या भागात उन्हाळ्यात दुपारनंतर वादळी पाऊस ठरलेला. छप्पर चढवून झालेलं असेल तर तुम्ही आत बसून चहा पिता. अर्धवट असेल तर गाद्या भिजतात, आणि ओला कॅनव्हास तसाच मिटून ठेवला की बघता बघता बुरशी धरतो. म्हणून तीन.

या तीनवरून मला घरात आजही ऐकवतात. "बाबांनी आम्हाला ग्लेशियर दाखवलं नाही," असं मुलगी चारचौघांत सांगते. नाही दाखवलं. वेळ होता असं तिला वाटतं. तो वेळ रात्री नऊला पोहोचून सकाळी सहाला निघण्याचा होता. ग्लेशियरमधल्या गोइंग-टू-द-सन रोडच्या मधल्या टप्प्यात बंपर धरून २१ फुटांहून लांब काही सोडत नाहीत, म्हणजे कॅम्पर कुठेतरी लावून ठेवायचा, त्यात आणखी एक दिवस. पुढे ती तो रस्ता मैत्रिणींबरोबर बघून आली. माझ्याबरोबर बघायचा राहिला, हे मला बोचतं, आणि बोचत राहील. तरी पुन्हा वेळ आली तर मी तेच ठरवीन. तेव्हा माझी आई बरोबर होती. यलोस्टोनमधल्या मॅडिसन कॅम्पग्राउंडला नदीकाठच्या कुरणापाशी रोज संध्याकाळी खुर्ची टाकून ती एल्क (मोठी हरणं) चरताना बघत बसायची. जेवायला हाक मारली तरी उठायची नाही. दिवसभर गाडीत हिंदकळलेली बाई अशी बसली असती का? नसती. जेवून झोपली असती. तुझ्या आई-बाबांचा विचार करताना हे लक्षात ठेव.

यलोस्टोनमध्ये फिशिंग ब्रिजला थांबायचं लिहिलंयस, ते काढ. तिथे ग्रिझली अस्वलांमुळे फक्त पक्क्या भिंतींच्या कॅम्परना जागा देतात, कापडी बाजूंचा पॉपअप चालत नाही. मॅडिसन किंवा कॅन्यन बघ. खाण्याचं सगळं, खरकटी भांडी, टूथपेस्टसुद्धा रात्री गाडीत, काचा बंद. आईला आधीच सांग, भाजणीचा डबा आणि लोणचं उशाशी ठेवायचं नाही. ही आवराआवरही उजेडातच होते. आणि टोकाच्या उंच पलंगावर बाबांना चढवू नकोस. टेबल खाली करून होतो तो पलंग बुटका असतो, गुडघ्यांना तोच बरा.

आता वजन. गाडीच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरचा फोटो पाठवलास, त्यावर १,२०० पौंड आहेत, म्हणजे माणसं आणि सामान मिळून गाडीवर एवढाच भार. चार मोठी माणसं ६४० धर, मुलं सीटसकट १२०. कॅम्पर भरून २,५०० झाला तर त्याच्या दहा ते पंधरा टक्के भार हिचवर पडतो, म्हणजे किमान २५०. तोही या १,२०० मध्येच मोजायचा. राहिले १९०, आणि भार वाढला तर त्याहून कमी. कुकर एक पुरे, दोन नकोत.

बिगहॉर्न पर्वत ओलांडताना १४ए महामार्गाने जाऊ नकोस, लव्हलच्या बाजूला दहा टक्क्यांचा उतार आहे. बफलोहून महामार्ग १६ ने टेन स्लीपकडे उतर. खिंड ९,६६६ फुटांवर आहे, तोही घाटच. ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर, ब्रेकवर पाय ठेवून बसू नकोस. हा टप्पा सकाळीच उरक, म्हणजे त्या दिवशीही तीन पाळता येतील.

शनिवारी फोन कर. त्याआधी कॅम्परच्या टायरवरचा चार आकडी कोड बघ: पहिले दोन आकडे आठवडा, शेवटचे दोन साल. साल १८ किंवा १९ निघालं तर नक्षी कितीही नवी दिसो, टायर बदल. आणि नवी आखणी पाठवशील तेव्हा प्रत्येक तारखेपुढे मुक्कामाचं नाव आणि पोहोचायची वेळ लिही. एकाही ठिकाणी चार दिसले तर मी पुढचं वाचणार नाही.

तुझा,
काका