स्टेंट टाकून पाच वर्षं झाली, आता आतली धमनी पूर्ण बरी झाली का?

तुमच्या आप्पांना भुसावळात पाच वर्षं काही त्रास नाही, म्हणून गोळ्या थांबवू का, असं विचारलंय. दादा, मनाने थांबवू नका.

स्टेंट म्हणजे धमनी उघडी ठेवणारी बारीक जाळी. ती फुगवताना धमनीच्या आतल्या भिंतीला जखम होते, मग शरीर जाळीवर नवं अस्तर चढवतं. साध्या धातूच्या स्टेंटवर ते लवकर चढायचं, पण अनेकांत इतकं जाड व्हायचं की सहा-आठ महिन्यांत रस्ता पुन्हा अरुंद. म्हणून २००२-०३ पासून औषध लावलेले स्टेंट आले. ते औषध पेशींची वाढ आवरतं. त्यामुळे अस्तर जाड होत नाही, पण उशिराही चढतं. सुरुवातीला रक्ताची गुठळी टाळणाऱ्या दोन गोळ्या देतात त्या यासाठीच.

लोकांना माहीत नसतं ते पुढचं. काही वर्षांनी या नव्या अस्तरातच कोलेस्टेरॉल साचू शकतं. औषधाच्या स्टेंटमध्ये हे साध्यापेक्षा लवकर दिसतं. असा थर फुटला की गुठळी, आणि पुन्हा ॲटॅक.

आमच्या रावेरच्या काकांनी केळी काढणीच्या धावपळीत कोलेस्टेरॉलची गोळी सोडली ती वर्षभर. दुसऱ्या अँजिओग्राफीत जुन्या स्टेंटच्या आतच नवा थर निघाला. फार वाईट वाटलं.

गुठळी टाळणाऱ्या दोनपैकी एक गोळी कधी बंद करायची ते हृदयाच्या डॉक्टरांना विचारा. ॲस्पिरिन (गुठळी टाळणारी) आणि स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) बहुतेकांना कायमच लागतं. तंबाखू मात्र आजच सोडायला लावा, आणि शुगर-बीपी तपासत राहा. चालताना छाती भरून आली तर उन्हाचा त्रास समजून घरी बसू नका.