तुझा नामिबियाचा प्लॅन बघितला

अरे, एक्सेल शीट मस्त रंगवलीयेस, पण दर रात्री नवीन गावात मुक्काम कशाला? नामिबिया म्हणजे महाराष्ट्राच्या अडीचपटीहून मोठा देश आणि माणसं सगळी मिळून तीसेक लाख, त्यामुळे रस्ते रिकामे दिसतात आणि माणूस फसतो. बहुतेक रस्ते खडीचे आहेत. मॅप चार तास म्हणत असेल तर तू सहा धर, आणि ८० च्या वर पळवू नकोस, खडीवर जोरात ब्रेक मारला की समोर कोणी नसतानाही गाडी उलटते. तिथेही आपल्यासारखं डावीकडूनच चालवतात म्हणून उगाच जास्त कॉन्फिडन्स येतो. भाड्याची गाडी घेताना दोन स्टेपन्या माग, आणि टायर बदलायची प्रॅक्टिस निघायच्या आधी इथेच सोसायटीच्या पार्किंगमध्ये कर. अंधार पडला की गाडी बंद, कुडू नावाचं मोठं हरीण सरळ बॉनेटवर येतं.

तर माझं म्हणणं एवढंच की यादीतल्या निम्म्या जागा काढ आणि उरलेल्या ठिकाणी बूड टेकवून बस.

इटोशा नॅशनल पार्कचंच घे. तिथे लोक दिवसभर सिंह शोधत गाडी फिरवतात आणि धूळ खातात. तू ओकाकुएयो कॅम्पच्या आत राहा, तिथल्या पाणवठ्यावर रात्रभर दिवे असतात, एक बुटकी भिंत, बाकं, आणि बस्स. स्वेटर घालून, थर्मासमध्ये चहा घेऊन बसायचं. एकटा काळा गेंडा येतो, थांबतो, वास घेतो, मग पाण्याशी जातो. जिराफ तर आल्या आल्या पाणी पीतच नाही, कितीतरी वेळ नुसता आजूबाजूला बघत उभा, मग पुढचे पाय फाकवतो, पुन्हा जवळ घेतो, परत बघतो, कारण मान खाली घातली की त्याला पटकन पळता येत नाही ना. मग हत्तींचा कळप आला की बाकीचे सगळे गुमान मागे सरतात. दिवसा हेच हत्ती तिथल्या चुनखडीच्या धुळीने पांढरेफटक दिसतात. हे सगळं बसल्या जागी मिळतं, डिझेलचा एक थेंब न जाळता. जून ते ऑक्टोबर कोरडा सीझन, तेव्हाच जा, पावसाळ्यात जागोजागी पाणी साचतं आणि प्राणी पांगतात.

चित्ता दिसेलच असं धरून चालू नकोस. २०२२ मध्ये मध्य प्रदेशातल्या कुनो नॅशनल पार्कला आलेले पहिले आठ चित्ते नामिबियाचेच, पण तिथले बहुतेक चित्ते नॅशनल पार्कच्या बाहेर, गुरं-मेंढ्यांच्या फार्मवर राहतात. ओचिवारोंगोजवळ चित्ता कन्झर्व्हेशन फंडचं सेंटर आहे, ते लोक शेतकऱ्यांना मेंढ्या राखायला मोठी राखणदार कुत्री देतात, म्हणजे मेंढरं वाचतात आणि चित्त्याला गोळी घालायची वेळ येत नाही. जाता येता वाटेत आहे, बघून ये.

सोसुसव्लेईला, म्हणजे लाल वाळूच्या टेकड्यांच्या भागात, सेसरीमच्या गेटच्या आतला कॅम्प घे, महाग पडला तरी. आतल्यांना सूर्योदयाच्या आधी सोडतात, बाहेरचे लाईनीत उभे. तिथल्याच डेडव्लेई नावाच्या कोरड्या तळातली शेकडो वर्षांपूर्वी वाळून काळी पडलेली झाडं सकाळी लवकर बघायची, नंतर तिथे फोटोवाल्यांची जत्रा असते. शेवटचे पाचेक किलोमीटर भुसभुशीत वाळू आहे, फोर बाय फोर असली तरी हिरोगिरी नको, शटल घे.

आता माणसांचं. शीटमध्ये ‘हिम्बा व्हिलेज, २ तास’ असं लिहिलंयस ते मला खटकलं. हिम्बा म्हणजे तिथली गुरं पाळणारी जमात, उत्तरेतल्या ओपुवो गावात त्यांच्यातलेच गाईड मिळतात, त्यांच्याबरोबरच जा. पोरांना चॉकलेटं वाटू नकोस, गाईडला विचारून तिथल्या दुकानातून मक्याचं पीठ, साखर, तेल घे. मुखियाच्या झोपडीसमोर पवित्र अग्नी असतो, झोपडी आणि अग्नी यांच्यामधून चालत जायचं नाही. कॅमेरा पहिला अर्धा तास बॅगेत. बायका अंगाला गेरू आणि लोणी लावतात त्यावर प्रश्न जरूर विचार, पण त्यांनी तुझ्या घरात किती गुरं आहेत असं विचारलं तर उत्तर तयार ठेव, हसतील.

आणि किनाऱ्यावरच्या स्वाकोपमुंड गावात केक खायचा असेल तर खा, जर्मन बेकऱ्या खरंच छान आहेत, पण गावाच्या कडेला दफनभूमी आहे तिथेही जा. नाव नसलेले वाळूचे बुटके उंचवटे दिसतील, त्या हेरेरो आणि नामा जमातींच्या लोकांच्या कबरी. नामिबिया तेव्हा जर्मनीची वसाहत होती. १९०४ ते १९०८ मध्ये जर्मन सैन्याने हेरेरोंना वाळवंटात पिटाळलं, पाणी तोडलं, उरलेल्यांना छावण्यांत कोंबलं. जर्मनीने त्याला अधिकृतपणे नरसंहार म्हणायला २०२१ उजाडलं. आज रस्त्यात घेरदार झगा आणि गाईच्या शिंगांसारखं दोन टोकांचं शिरोभूषण घातलेली हेरेरो बाई दिसली की नुसतं ‘वॉव, कलरफुल’ म्हणून फोटो मारू नकोस, ती जर्मन काळातल्या झग्याची फॅशन आहे आणि त्यांनी ती आपली करून घेतलीये.

खाण्याची काळजी करू नकोस, उत्तरेत महांगू मिळतं, म्हणजे आपली बाजरीच, तिची घट्ट पेज करतात, पालेभाजीबरोबर झकास लागते. इटोशाचं बुकिंग मात्र आजच बघ, आतले कॅम्प फार आधी भरतात. आणि जुलैत जाणार असशील तर जाड जॅकेट घे, पहाटे हाडं गोठतात.