राखीव बाकावरचा गोलकीपर

प्रश्न : मुलगा पेठेच्या फुटबॉल संघात गोलकीपर आहे. शाहू स्टेडियमवर एक सोपा चेंडू हातातनं निसटला, तेव्हापासून बाकावरच. वय २४. खेळ सोडून नोकरीचं बघावं का?
— एक आई, मंगळवार पेठ

उत्तर : ताई, नोकरीचं बघू दे की, पण ग्लोव्हज माळ्यावर टाकायची घाई नको. आइस हॉकीतला टिम थॉमस बघा. १९९४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू एकेक करून निवडतात तिथं, नंबर २१७ वा. मग फिनलंड, स्वीडन, छोट्या लीग. बॉस्टन संघाचा पक्का गोली (म्हणजे गोलकीपरच) झाला तेव्हा तिशी उलटलेली! २००९ मध्ये सर्वोत्तम गोलीची वेझिना ट्रॉफी. पुढच्याच मोसमात खुब्याचं दुखणं, जागा तरण्या तुका रास्ककडे. ऑपरेशन करून परतला आणि २०११ च्या स्टॅनली कप फायनलमध्ये (अमेरिका-कॅनडाच्या लीगचं अजिंक्यपद), सातव्या, निर्णायक सामन्यात, व्हँकुव्हर संघाला एकही गोल करू दिला नाही. तेव्हा वय ३७.

मीही गोलवर उभा राहिलोय. स्ट्रायकरचे चुकलेले फटके संध्याकाळपर्यंत विसरतात. आपली एक चूक मिसळीच्या टेबलावर आठवडाभर पुरते. बाकावर बसून हात मात्र जड होतात. रोज सकाळी कुणाला तरी ओल्या चेंडूनं, जवळनं फटके मारायला सांगा. आणि गॅलरीतनं त्याला ओरडू नका, त्या कामाला आम्ही आहोत.