तो ‘डोये’ वाचतो म्हणून रागावू नका

प्रश्न: ताई, आम्ही अमळनेर तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. माझा मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, आता तिसरीत जाईल. अक्षरं ओळखतो, पण वाचताना फार अडखळतो. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी गेले तेव्हा भावाने सगळ्यांसमोर त्याच्या हातात पेपर दिला. जळगावला इंग्रजी शाळेत जाणारी भाची घडाघडा वाचते. हा ‘डोळे’चं ‘डोये’ करून थांबला आणि सगळे हसले. तेव्हापासून त्याचे पप्पा रोज संध्याकाळी त्याला वाचायला बसवतात, चुकला की धपाटा. आता पुस्तक काढलं की त्याच्या पोटात दुखतं. घरात अहिराणी बंद करू का? शिकवणी लावू का? इंग्रजी शाळेत टाकू का? मी स्वतः सातवी शिकलेली, मी काय शिकवणार?

उत्तर: ताई, त्याचं पोट खरंच दुखतं, त्याला बहाणा समजू नका. भेदरलेल्या पोराचं लक्ष पानावर नसतं, बापाच्या हातावर असतं. म्हणून पहिलं काम हेच, की धपाटा आजपासून बंद. मुलगा झोपला की त्याच्या पप्पांशी निवांत बोला. दिवसभराच्या कामानंतरही ते पोराला घेऊन बसतात, यात त्यांची काळजी दिसते, तेवढं आधी कबूल करा. मग सांगा, की काही दिवस वाचून घेऊ नका, त्याला गोष्टी सांगा. लहानपणी शेतात साप निघाला ती, यात्रेत हरवलो ती. गोष्ट ऐकण्याची चटक लागलेलं मूल पुस्तकातली गोष्टही शोधायला लागतं.

आता ‘डोये’. तुमच्याकडे ‘काळा’चा ‘काया’ होतो, ‘शाळा’ची ‘शाया’ होते. तो अक्षरं बघून नुसते आवाज काढत असता, तर ‘डोळे’ असंच कसंबसं म्हणाला असता. त्याने शब्द ओळखला, अर्थ समजला आणि घरात जसा म्हणतात तसा म्हटला. हे वाचणंच आहे! ‘ळ’ जिभेवर हळूहळू बसेल, त्यासाठी मध्येच थांबवू नका. अहिराणी तर अजिबात बंद करू नका. निदान पाचवीपर्यंत शक्य तिथे मुलांना घरच्या भाषेतून शिकवावं, असं 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही लिहिलं आहे. पुस्तक मराठीत वाचा आणि गप्पा अहिराणीत करा. पान उलटण्याआधी विचारा, “मंग काय व्हयनं?” तो जे सांगेल त्यावरून त्याला किती कळलं ते तुम्हाला कळेल.

सातवी शिकलात, एवढं पुष्कळ आहे. जेवणं झाली की ओट्यावर त्याला जवळ घ्या. शाळेतून मागच्या वर्षीची पहिली-दुसरीची पुस्तकं किंवा वाचनालयातलं मोठ्या अक्षरांचं गोष्टीचं पुस्तक आणा. सोपं पुस्तक दिलं म्हणून कमीपणा मानू नका. आधी एक पान तुम्ही वाचा, शब्दांखालून बोट फिरवत. मग तेच पान दोघं एका सुरात वाचा. मग तो एकटा. ‘रस्त्यावर’ला अडला तर मनात पाच आकडे मोजेपर्यंत गप्प राहा. नाहीच जमलं तर पूर्ण शब्द सांगून पुढे चला, तिथे जोडाक्षराचा धडा घेऊ नका. दहा-पंधरा मिनिटांत पुस्तक मिटायचं, त्याला अजून हवं असलं तरच पुढे. तीच गोष्ट त्याने पुन्हा पुन्हा मागितली तर वाचा. “ही तर पाठ झाली” म्हणून काढून घेऊ नका, ओळखीच्या ओळींवरच वाचनाला वेग येतो.

यापेक्षाही मला भरवसा आहे तो एका साध्या वहीवर. दिवसभरात काय झालं ते त्याला सांगू द्या आणि त्याच्याच शब्दांत मोठ्या अक्षरात लिहून घ्या. ‘बैलना पाय चिखलमा फसना’ म्हणाला तर तसंच लिहा, सुधारू नका. दुसऱ्या दिवशी तो ते वाचेल आणि सहसा अडणार नाही, कारण वाक्य त्याचंच आहे. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या तोंडची गाणी मुलाने, सोपानदेवांनी आणि घरातल्यांनी लिहून घेतली, म्हणून आज आपण ती वाचतो. तुमच्या घरात मुलगा सांगेल आणि आई लिहील. आठवडाभराने खाली शुद्ध मराठीत तेच वाक्य लिहून दोन्ही वाचायला लावा. त्याला त्यात गंमत वाटेल.

बाहेर पडलात की एसटीच्या पाट्या आहेतच. पारोळा, एरंडोल, शिरपूर, नंदुरबार: काना, मात्रा, वेलांटी, ऊकार, अनुस्वार सगळं स्टँडवर उभं असतं. “आपली गाडी कोणती ते तूच सांग” म्हणा. खताची गोणी, लग्नपत्रिका, बिस्किटाचा पुडा, काहीही चालतं. मोबाइल असेल तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी फुकट मिळतात, त्यात पहिल्या पातळीपासून सुरुवात करा. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक 1971 पासून निघतं, ते थोडं पुढे, चौथी-पाचवीत.

इंग्रजी शाळेत टाकू नका. घरच्या ओळखीच्या भाषेत जो अडखळतो, त्याच्यापुढे अनोळखी भाषा ठेवून काय साधणार? शिकवणीही आत्ता नको. भाचीशी तुलना तर घरात कुणालाच करू देऊ नका, आणि पाहुण्यांसमोर परीक्षा पुन्हा नाही. भावाला हे तुम्हीच फोन करून सांगा.

शाळा उघडली की बाईंना किंवा गुरुजींना भेटा. तिसरीअखेर प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं, हे 2021 मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाचं उद्दिष्टच आहे, तेव्हा “माझा मुलगा कुठे अडतो?” हे विचारताना संकोच करू नका. तो फळ्यावरचं नीट बघतो का, हेही विचारा आणि एकदा डोळे-कान तपासून घ्या. चार-सहा महिने असं रोज वाचूनही घ-ध, भ-म यांत गोंधळ तसाच राहिला, तर जिल्हा रुग्णालयात अध्ययन अक्षमतेच्या, म्हणजे हुशार मुलालाही वाचणं-लिहिणं शिकताना येणाऱ्या अडचणीच्या, तपासणीची चौकशी करा. तसं काही निघालं तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने शाळेत मदत मिळण्याचा त्याला हक्क आहे.