पाचोळ्यातल्या शिकारी मुंग्या : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आंबोलीच्या रानात पाचोळ्याखाली एकेकट्या हिंडणाऱ्या, कडकडून डसणाऱ्या काळ्या मुंग्या दिसतात. जुन्या यादीत त्या सगळ्या ‘पॅकिकॉन्डायला’ या प्रजातीत आहेत, नव्या यादीत हे नावच नाही. ओळखायच्या कशा? (सावंतवाडी)

उत्तर : २०१४ मध्ये श्मिट आणि शॅटक या मुंगी-अभ्यासकांनी मुंग्यांच्या पोनेरिनी उपकुळाची फेरमांडणी केली. पॅकिकॉन्डायला हे नाव तेव्हापासून अमेरिकेतल्या जातींपुरतंच उरलं. आपल्याकडच्या जाती बोथ्रोपोनेरा, स्यूडोनिओपोनेरा, ब्रॅकिपोनेरा अशा प्रजातींत (म्हणजे जवळच्या जातींच्या गटांत) विभागल्या गेल्या. बदल योग्यच होता, कारण जुन्या नावाखाली दूरची नाती एकत्र कोंबली होती. तुमच्या यादीत मात्र जुनं नाव खोडू नका, शेजारी नवं लिहा.

रंगावर जाऊ नका. आधी कंबर पाहा. एकच गाठ, पोटाच्या पहिल्या-दुसऱ्या खंडांमध्ये आवळल्यासारखी खाच आणि टोकाला नांगी, हे तिन्ही असेल तर बहुधा पोनेरिनी. दोन गाठी, डोळे अजिबात नाहीत आणि रांगेनं धाड घालते, तर एनिक्टस. तिचं उपकुळ डोरिलिनी.

मग जबडे. डोक्याच्या पुढच्या कडेला मधोमध जोडलेले, सरळ आणि समांतर असतील तर ओडोंटोमॅकस किंवा अ‍ॅनोकेटस. इथे बरेच जण अडतात. डोकं मागून पाहा : गडद रेषा मध्यावर ‘व्ही’सारख्या मिळत असतील तर ओडोंटोमॅकस. लांब, वर वळलेले जबडे आणि पुढे सरकलेले मोठे डोळे असतील, शिवाय ती उडी मारत असेल, तर हार्पेग्नॅथस. गाठीवर दोन काटे, अंगभर ठसठशीत रेघा : डायकॅमा. लेप्टोजेनिसच्या नखांना कंगव्यासारखे दाते असतात, पण ते दिसायला ४० पट मोठं दाखवणारा सूक्ष्मदर्शक लागतो.

यातलं काहीच जुळलं नाही, तर ती तुमच्या जुन्या यादीतली ‘पॅकिकॉन्डायला’ असू शकेल. दाट राठ केस आणि गाठीच्या मागच्या कडेवर दाते असले तर स्यूडोनिओपोनेरा. ती चिडली की फेस सोडते.

प्रश्न : पावसाळ्यात विंकलर पिशवीत (पाचोळा टांगून वाळवायचा, म्हणजे त्यातल्या मुंग्या खालच्या अल्कोहोलच्या बाटलीत पडतात) मुंग्या फार कमी पडतात. असं का? (फोंडा)

उत्तर : पाचोळा वाळतच नाही, म्हणून मुंग्या जागा सोडत नाहीत. १ चौरस मीटरचा चाळलेला पाचोळा ४८ तास टांगायची प्रचलित रीत आहे. दमट हवेत ७२ तास द्या, मात्र तुलनेतल्या सर्व नमुन्यांना तेवढेच. पिशवी छपराखाली, वारा लागेल अशी टांगा. ठासून भरू नका. बाटलीतली चिठ्ठी पेन्सिलीनं लिहा, बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. हार्पेग्नॅथससारख्या मोठ्या मुंग्या या पिशवीत क्वचितच येतात. त्या दिवसा, मऊ चिमट्यानं हातानेच शोधाव्या लागतात.