पैसे हातात कधी पडणार, हे आधी विचार

प्रिय विद्यार्थी,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. लिबरल आर्ट्सला, म्हणजे कला, समाजशास्त्रं आणि विज्ञान यांतले विषय एकत्र निवडता येतात अशा पदवीला, प्रवेश घ्यायचा, तिसऱ्या वर्षी एक सेमिस्टर परदेशात शिकायची आणि घरच्यांवर भार पडू द्यायचा नाही, असं तू लिहिलं आहेस. सोबत १७ शिष्यवृत्त्यांची यादीही जोडली आहेस. यादी मेहनतीने केलेली आहे, पण तिच्यात नाव, रक्कम आणि शेवटची तारीख एवढेच रकाने आहेत. आणखी तीन रकाने आख. हे पैसे कशाकशावर खर्च करता येतात, पुढच्या वर्षीही मिळत राहावेत म्हणून काय करावं लागतं, आणि ते हातात कधी पडतात. या शेवटच्या रकान्याने मला चांगलाच धडा दिला, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

तिसऱ्या वर्षी मलाही परदेशी सेमिस्टरसाठी शिष्यवृत्ती मिळाली होती. कागदावर पूर्ण होती. फी, राहणं, प्रवास, सगळं त्यात होतं. मंजुरीच्या पत्राच्या दुसऱ्या पानावर एक वाक्य होतं, की यजमान विद्यापीठातली नोंदणी पूर्ण झाल्यावर रक्कम जमा होईल. मी ते वाचलं होतं, त्याचा अर्थ मात्र ध्यानात आला नव्हता. नोंदणी व्हायची तिथे पोचल्यावर. तिकीट, व्हिसाची फी, विमा आणि खोलीची अनामत भरायची निघण्याआधी. ते पैसे दोन मैत्रिणींनी आणि एका सरांनी दिले. तिथे गेल्यावर नोंदणीचा कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला आणि खात्यात पैसे यायला सहा आठवडे लागले. ज्या ग्रंथालयासाठी मी एवढ्या लांब गेले होते, तिथेच बसून मी वहीच्या मागच्या पानावर रोजच्या खर्चाचे हिशेब मांडत होते. ती वही अजून माझ्याकडे आहे. पहिल्या दीड महिन्यात पुढच्या पानांवर टिपणं थोडी आणि मागे आकडेच फार.

तेव्हा तुझ्या यादीतल्या प्रत्येक ठिकाणी दोन ओळींचा ईमेल पाठव. पहिला हप्ता कोणत्या तारखेला मिळतो? निघण्यापूर्वी काही रक्कम आगाऊ मिळू शकते का? बऱ्याच कॉलेजांकडे अशा अडचणीसाठी छोटा बिनव्याजी निधी असतो. त्याची जाहिरात नसते, विचारणाऱ्याला सांगतात. युरोपातल्या एरास्मस या विद्यार्थी-अदलाबदलीच्या योजनेतही अनुदान बहुधा हप्त्यांनी येतं. मोठा भाग सुरुवातीला, उरलेला अहवाल भरून दिल्यावर. जर्मनीला जायचं असेल, तर विद्यार्थी व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाची सोय दाखवावी लागते. सप्टेंबर २०२४पासून हा आकडा ११,९०४ युरो आहे. पुरेशा शिष्यवृत्तीचं पत्र त्यासाठी चालतं, पण त्यात दरमहा किती आणि किती महिने, हे स्पष्ट लिहिलेलं हवं. पत्र मोघम असेल तर ते नव्याने मागून घे. त्यात संकोच कसला?

आता रकमेविषयी. कॉलेजचं आर्थिक मदतीचं पत्र आलं की सर्वात मोठ्या आकड्याकडे बघू नकोस, तुझ्या वाट्याला काय उरतं ते बघ. समज, वर्षाचा एकूण खर्च १०० आहे. एक कॉलेज म्हणतं, आम्ही ६० ची मदत देऊ. दुसरं म्हणतं ४५. पहिल्या पत्रातले ६० उलगडून बघितले, तर त्यात २५ कर्ज निघतं, १० कॅम्पसवरच्या कामाचे, आणि खरं अनुदान फक्त २५. दुसऱ्या पत्रातले ४५ सगळे अनुदानाचे. म्हणजे पहिल्या ठिकाणी ७५ तुझ्याच गळ्यात, काही आज, काही कामाच्या तासांतून आणि काही पदवीनंतर व्याजासकट. दुसऱ्या ठिकाणी ५५. पहिलं पत्र बघून आनंद झालेली मुलं मी कितीतरी पाहिली आहेत. पत्रात ‘मदत’ या एकाच शब्दाखाली तिन्ही गोष्टी बसवलेल्या असतात, चूक मुलांची नसते.

अजून एक खाचखळगा इथेच आहे. बाहेरच्या संस्थेने तुला १० दिले, तर काही कॉलेजं आपल्या अनुदानातले १० कापतात आणि तू होतास तिथेच, असं होतं. अर्ज करण्याआधी विचार, की बाहेरची शिष्यवृत्ती मिळाली तर आधी कर्ज आणि काम कमी करता की अनुदान? उत्तर लेखी घे. अमेरिकेत शिकणार असशील तर हेही ध्यानात ठेव, की फी आणि पुस्तकांवरची शिष्यवृत्ती पदवीच्या विद्यार्थ्याला करमुक्त असते, पण राहण्या-जेवणासाठी मिळालेला भाग करपात्र धरतात. विद्यार्थी व्हिसावरच्या परदेशी विद्यार्थ्याच्या या भागातून साधारणपणे १४ टक्के कापून घेतात.

तू लिहिलं आहेस, ‘गरज दाखवली तर प्रवेश मिळणार नाही अशी भीती वाटते.’ भीती अगदीच खोटी नाही. कॉलेज तुझी पैशांची गरज प्रवेशाच्या निर्णयात धरतं की नाही, हे ठिकाणाप्रमाणे बदलतं. अॅमहर्स्ट, हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी अशी मोजकी ठिकाणं कोणत्याही देशाच्या अर्जदाराची गरज निर्णयात आणत नाहीत, आणि प्रवेश दिल्यावर हिशेबाने निघेल ती गरज पूर्ण भागवतात. डार्टमथ आणि बोडन २०२२मध्ये या यादीत आली. इतर अनेक ठिकाणी परदेशी अर्जदाराने किती मागितलं, याचं वजन निर्णयावर पडतं. पण म्हणून गरज लपवू नकोस. ‘आधी आत शिरू, मग मागू’ असा सल्ला तुला कोणी देईल. तो ऐकू नकोस. प्रवेशाच्या वेळी मदत मागितली नसेल, तर परदेशी विद्यार्थ्याला पुढची चारही वर्षं मागता येत नाही, असा नियम बऱ्याच कॉलेजांत आहे. त्यातून दुसऱ्या वर्षी शिक्षण सोडावं लागलेली एक मुलगी माझ्या ओळखीची आहे. तिच्या हुशारीबद्दल कोणालाच शंका नव्हती.

मोठ्या नावांच्या पलीकडेही बघ. अमेरिकेतल्या केंटकी राज्यातलं बेरिया कॉलेज कोणाकडूनच ट्यूशन फी घेत नाही. तिथे प्रत्येक विद्यार्थी आठवड्याला किमान १० तास काम करतो, हा तिथल्या शिक्षणाचाच भाग आहे. जपान सरकारची मेक्स्ट शिष्यवृत्ती पदवीसाठीही असते, तीही सामाजिक शास्त्रं आणि मानव्यविद्या धरून. त्यात पहिलं वर्ष जपानी भाषेच्या तयारीचं, मग चार वर्षं पदवी. फी, दरमहा विद्यावेतन आणि जाण्या-येण्याचं विमानभाडं मिळतं. तुझ्या यादीत ही दोन्ही नाहीत.

परदेशातल्या सेमिस्टरचा मुख्य प्रश्न मात्र वेगळाच आहे. तुझ्या कॉलेजने दिलेले पैसे तुझ्याबरोबर तिकडे येतात का? काही ठिकाणी संपूर्ण मदत जशीच्या तशी लागू राहते. काही ठिकाणी फक्त कॉलेजच्या स्वतःच्या कार्यक्रमाला लागू होते, दुसऱ्या संस्थेमार्फत गेलास तर नाही. आणि काही ठिकाणी कॉलेजच्या उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की मदत थांबते. हे प्रवेश घेण्यापूर्वी विचारायचं, तिसऱ्या वर्षी नव्हे.

सर्वात स्वस्त वाट बहुधा अदलाबदलीची असते. तुझी फी तू आपल्याच कॉलेजात भरायची, तिकडचा विद्यार्थी त्याची तिकडे भरणार, आणि दोघं जागा बदलणार. एरास्मसचा पाया हाच आहे, यजमान विद्यापीठ शिकवण्याची फी घेत नाही. १९८७मध्ये ११ देशांतल्या ३,२४४ विद्यार्थ्यांपासून ती योजना सुरू झाली. मला त्याहून जुनी गोष्ट जास्त आवडते. १९२३मध्ये डेलावेअर विद्यापीठातून आठ विद्यार्थी वर्षभरासाठी फ्रान्सला जहाजाने गेले. पहिल्या महायुद्धात लढून आलेले रेमंड कर्कब्राइड हे तिथले भाषांचे प्राध्यापक, कल्पना त्यांची. पैसा उभा राहिला तो खासगी देणगीदारांकडून. परदेशी वर्षाला पदवीचे क्रेडिट, म्हणजे पदवीत मोजले जाणारे अभ्यासाचे गुणांक, देण्याची अमेरिकेतली पद्धत तिथून रुजली. आज तू ‘क्रेडिट ट्रान्सफर’ म्हणतेस किंवा म्हणतोस, ते त्या आठ जणांनी आधी चालून दाखवलं आहे. क्रेडिट परत आल्यावर धरलं गेलं नाही तर एक सेमिस्टर वाढते, आणि तिचा खर्च कोणतीच शिष्यवृत्ती देत नाही. म्हणून तिकडच्या प्रत्येक विषयाची मान्यता जाण्याआधी सहीशिक्क्यासह घे.

भाषा शिकायची तयारी असेल तर वाटा वाढतात. अमेरिकी नागरिकांसाठीची गिल्मन शिष्यवृत्ती २०००च्या कायद्याने सुरू झाली. पेल ग्रँट मिळणाऱ्या, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरातल्या पदवी विद्यार्थ्यांना ती ५,००० डॉलरपर्यंत देते, आणि अमेरिकी सरकारने गरजेच्या मानलेल्या भाषांपैकी एखादी शिकत असेल तर वर ३,००० पर्यंत. बोरेन शिष्यवृत्तीही अशाच भाषांसाठी आहे, पण तिच्यासोबत किमान एक वर्ष सरकारी सेवेचं बंधन येतं. बंधन वाईटच असतं असं मी म्हणणार नाही. फक्त सही करताना ते माहीत असावं. नागरिकत्वाची अट तर सर्वात आधी वाच. तुझ्या १७पैकी चार याच अटीवर गळतील असं मला दिसतं आहे.

आता निबंध. तुझ्या मसुद्याचं पहिलं वाक्य आहे, ‘विविध विषयांची मला पहिल्यापासून आवड आहे.’ लिबरल आर्ट्सचा प्रत्येक अर्जदार हेच लिहितो, आणि समितीला त्यातून कळतं एवढंच, की अजून काही ठरलेलं नाही. पण तिसऱ्या परिच्छेदात, जवळजवळ लपवल्यासारखं, तू लिहिलं आहेस, की जुन्या व्यापारी पत्रांत रक्कम आकड्यांत लिहूनही पुन्हा अक्षरांत का लिहीत, हा प्रश्न तुला पडला, आणि त्यापायी तू इतिहास, भाषाशास्त्र आणि संख्याशास्त्र असे तीन विषय निवडलेस. अगं किंवा अरे, हेच तर पहिलं वाक्य! इथे विविध विषयांची आवड सांगावी लागत नाही, ती दिसते. आणि परदेशी का जायचं, याचं उत्तरही त्यातच आहे. लिस्बनच्या तोर्रे दो तोंबो या राष्ट्रीय अभिलेखागारात बसून शतकांपूर्वीची हस्ताक्षरं वाचायची असतील, तर ती वाचायला शिकवणारं कोणी हवं, पोर्तुगीज यायला हवी, आणि तिथे निदान काही महिने राहायला हवं. ‘क्षितिजं रुंदावतील’ हे वाक्य खोडून टाक. त्याच्या जागी कोणते कागद, कोणती लिपी, कोणाच्या हाताखाली, हे लिही.

शिफारसपत्रासाठी नावाजलेल्या प्राध्यापकांच्या मागे लागू नकोस. ज्यांनी तुझा एखादा निबंध लाल शाईने भरून परत केला आणि तू तो पुन्हा लिहिलास, त्यांना विचार. निदान सहा आठवडे आधी.

नकार येतील. एखाद्या कॉलेजने दिलेली मदत पुरत नसेल, तर पुनर्विचाराचा अर्ज करता येतो. त्यात गाऱ्हाणं नको, नवी माहिती हवी. घरात कोणाची नोकरी गेली, औषधोपचाराचा खर्च वाढला, दुसऱ्या कॉलेजने जास्त अनुदान दिलं, आणि त्याचे कागद.

यादी दुरुस्त करून पाठव, सहाही रकाने भरून. जिथे उत्तर आलं नसेल तिथे प्रश्नचिन्ह ठेव, अंदाजाने काही लिहू नकोस. निबंधाचा नवा मसुदा त्या व्यापारी पत्रापासून सुरू झालेला मला बघायचा आहे. आणि तिकिटाची तारीख ठरवण्याआधी एकदा फोन कर, कितीही वाजले असले तरी.

तुझी,
ताई