दम लागतो, धाप लागते. दमा मात्र लागत नाही

प्रश्न असा आहे: पर्वती चढून वर पोचलं की सासूबाई म्हणतात 'धाप लागली', नवरा म्हणतो 'दम लागला' आणि धाकटा 'मला दमा लागला' म्हणून मोकळा होतो. यातलं बरोबर काय?

धाकटा सोडून दोघंही बरोबर. पण दोघं एकच गोष्ट सांगत नाहीयेत.

'दम' फारसीतून आला. तिकडे त्याचा अर्थ श्वास, आणि क्षणसुद्धा. 'एकदम' म्हणजे मुळात एका श्वासात. कबड्डीत चढाईला गेलेला गडी दम घुमवतो, आणि तो तुटला की बाद. आपण बोलतो ते बाहेर पडणाऱ्या हवेवर, त्यामुळे ती चढाई म्हणजे एक ताणून ताणून पुरवलेला उच्छ्वास. दम हा असा साठा असतो, म्हणूनच तो धरता येतो, खाता येतो, काहींचा तर पाच मिनिटंही निघत नाही. 'जरा दम खा' म्हणतात. 'धाप खा' कुणी म्हणत नाही. (शम-दमातला दम वेगळा. तो संस्कृत, इंद्रियनिग्रहाचा.)

धाप हा साठा नव्हे, ती क्रिया आहे आणि ती बघणाऱ्याला दिसते. तोंड उघडं, खांदे वरखाली, वाक्य दोन-दोन शब्दांत तुटलेलं. स्वस्थ बसलेला मोठा माणूस मिनिटाला साधारण 12 ते 20 वेळा श्वास घेतो, दर वेळी सुमारे अर्धा लिटर हवा. छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा आकसून खाली सरकतो, बरगड्या वर उचलल्या जातात, छातीतली जागा वाढते आणि हवा आपसूक आत येते. सोडायला तर काहीच करावं लागत नाही; पडदा सैल पडला की ताणलेली फुप्फुसं आपोआप आकसतात. चढताना मात्र पायांचे स्नायू कार्बन डायऑक्साइड भराभर तयार करतात. तो बाहेर टाकायचा आणि ऑक्सिजन पुरवायचा, म्हणून मेंदूच्या तळाचं श्वसनकेंद्र वेग वाढवतं आणि हवा सोडायलाही पोटाचे स्नायू कामाला लागतात. 'धापा टाकणे' यातलं 'टाकणे' किती नेमकं आहे बघा.

दम लागतो तो ज्याचा त्याला कळतो. डॉक्टर 'जिना चढताना दम लागतो का?' असंच विचारतात. धाप त्यांना समोर दिसतेच.

राहिला दमा. हाही फारसीच, त्याच घराण्यातला, पण हे रोगाचं नाव. फुप्फुसांतल्या श्वासनलिकांच्या बारीक फांद्या आतून सुजतात, भोवतीचे स्नायू आवळतात, वर कफ साचतो. हवा आत घेण्यापेक्षा बाहेर सोडणं जास्त जड जातं आणि छातीत सूं-सूं वाजतं. दमा असतो, होतो, बळावतो. पायऱ्या चढून कुणाला लागत नाही.

लिहिताना सामान्यरूपही सांभाळा: दम–दमाने, दमा–दम्याने. 'दम्याने बेजार' ठीक, पण 'जरा दम्याने घ्या' असा सल्ला दिलात तर अर्थाचा अनर्थ होईल.